चौथ्या सिलिंडरची टिकटिक

गाडी माझ्याकडे आली तेव्हा दुपार होती, इंजिन तापलेले होते आणि ज्या आवाजासाठी ती आणली होती तो जवळजवळ नाहीसा झाला होता. मालकांचे सांगणे मात्र अगदी स्पष्ट होते. ते म्हणाले, "सकाळी चालू केली की शिलाई मशीनसारखी टिकटिक सुरू होते आणि दहा मिनिटांनी हळूहळू विरते. तीन वेळा टॅपेट सेट करून झाले. दर वेळी आवाज थोडा कमी वाटतो, पण जात नाही." गाडी वडिलांची होती आणि इंजिन उघडण्याची वेळ आली तर आपण ती काढून टाकू, असेही त्यांनी अवघडून सांगितले. मी त्यांना गाडी रात्रभर ठेवून जाण्याची विनंती केली, कारण थंड इंजिनाचा आवाज थंड इंजिनावरच ऐकावा लागतो.

इंजिन पंचवीस वर्षांहून जुने, चार सिलिंडरचे, कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर असलेले पेट्रोल इंजिन होते. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, अॅल्युमिनियमचे, आणि टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली बारीक फट, रॉकरच्या स्क्रूने जुळवायचा. सकाळी चालू करण्यापूर्वी मी ऑइल पाहिले, ते पुरेसे आणि स्वच्छ होते. मग रॉकर कव्हर काढून, क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हाताने फिरवत, एकेका व्हॉल्व्हचा गॅप मोजला. या इंजिनाला थंड अवस्थेत इनलेट व्हॉल्व्हला ०.१५ आणि जळका वायू सोडणाऱ्या एक्झॉस्टला ०.२० मिलिमीटर गॅप लागतो. प्रत्यक्षात एकही एक्झॉस्ट ०.१० च्या वर नव्हता आणि चौथ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टमध्ये फिलर गेजची ०.०५ ची पट्टीसुद्धा ओढून घ्यावी लागत होती.

ती पट्टी हातात अडकली तेव्हा मला खरोखर धास्ती वाटली. आवाज दाबण्यासाठी कोणीतरी दर वेळी स्क्रू थोडा थोडा आवळत गेले होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापला की त्याची दांडी लांबते, त्या वाढीला जागा मिळावी म्हणूनच तो गॅप असतो. जागाच उरली नाही तर व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे त्याच्या बैठकीवर, पूर्ण बसत नाही, आणि सीटला टेकल्याशिवाय त्याची बरीचशी उष्णता बाहेर पडत नसल्यामुळे त्याची कड जळू लागते. टॅपेट किंचित वाजत असेल तर चालते, पण फार आवळलेला टॅपेट गुपचूप व्हॉल्व्ह खातो, हे काम शिकताना मला पुन:पुन्हा बजावले गेले होते.

पण त्या मापानेच मला दिशा दिली. टॅपेट वाजतो तो गॅप वाढल्यामुळे. इथे गॅप उरलेलाच नव्हता, तरीही टिकटिक होती. म्हणजे आवाज दुसरीकडून येत असला पाहिजे. गॅप तसेच ठेवून मी कव्हर बसवले आणि इंजिन चालू केले. आवाज लगेच आला: कोरडा, टणक, मागच्या बाजूने. प्लगच्या स्पार्कबरोबर चमकणारा टायमिंग लाइट जोडून पाहिले तर दिव्याची प्रत्येक चमक आणि प्रत्येक टिक बरोबरीने चालत होती, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांना एक टिक. क्रँककडचा ठोका सहसा दर फेरीला येतो, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट मात्र निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून या तालावरून सगळे व्हॉल्व्हकडे बोट दाखवतात. पण चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरचा जळका वायूही दोन फेऱ्यांतून एकदाच बाहेर पडतो, आणि वाटेत त्याला फट मिळाली तर त्याचा ताल हुबेहूब टॅपेटसारखाच ऐकू येतो.

यानंतर इन्सुलेटेड पक्कड घेऊन मी एकेका प्लगची वायर काढून अर्थला धरली. पहिल्या तीन सिलिंडरना काही फरक पडला नाही. चौथ्याचा स्पार्क तोडताच टिकटिक जवळजवळ थांबली. स्पार्क नसला तरी व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतोच, त्यामुळे टॅपेटचा आवाज असता तर तो तसाच चालू राहिला असता. मदतनीस मुलाला मी जाड हातमोजे घालून सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर कापड दाबायला सांगितले, तेव्हा आवाज ठळकपणे वाढला. मग रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे मॅनिफोल्डच्या, म्हणजे हेडमधून जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, कडेने फिरवले. लोखंडी सळई हेडला लावून ऐकले की आवाज धातूतून सगळीकडे पसरतो आणि रॉकर कव्हरमधूनच येत आहे असे वाटते. नळी मात्र फक्त हवेतला आवाज आणते. चौथ्या पोर्टच्या मागच्या कोपऱ्याशी ती फटफट इतकी जोरात आली की मी नळी कानापासून दूर केली.

इंजिन बंद करून उष्णता अडवणारा पत्रा काढला. हेडच्या पांढुरक्या धातूवर कोपऱ्यातून पंख्यासारखी पसरलेली काजळीची खूण होती आणि तिच्या मुळाशी मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारा शेवटचा स्टड हेडच्या पातळीत तुटलेला होता. बिडाचा लांब मॅनिफोल्ड तापून निवताना टोकांकडे सर्वाधिक सरकतो, त्यामुळे बहुधा टोकाचेच स्टड तुटतात. गरम झाल्यावर मॅनिफोल्ड फुगून फट दाबत असे, म्हणून दहा मिनिटांनी आवाज विरत होता.

तुटका स्टड काढायला अर्धा दिवस गेला. ड्रिल केले असते तर मऊ अॅल्युमिनियमकडे घसरण्याची भीती होती, म्हणून त्याच्यावर नट धरून आतून वेल्डिंग केले. वेल्डिंग स्टीलला धरते, अॅल्युमिनियमला नाही, आणि त्या उष्णतेने गंजाची पकडही सैल होते. दुसऱ्या प्रयत्नात तो करकरत फिरला. मॅनिफोल्डची बाजू पट्टी लावून तपासली तर टोकाला वाकलेली निघाली, ती घासून घेतली, नवी गॅस्केट घातली आणि नट मधल्यापासून टोकांकडे आवळत गेलो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते, घेतले तेव्हा चौथा सिलिंडर इतरांपेक्षा जरासाच कमी भरला; व्हॉल्व्ह वाचला होता. शेवटी आठही गॅप ठरलेल्या मापाला सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांसमोरच थंड इंजिन चालू केले. टिकटिक नव्हती, फक्त कव्हरखालून बारीक, एकसारखी सळसळ येत होती. ते वाकून बराच वेळ ऐकत राहिले आणि काळजीने म्हणाले, "हा थोडा आवाज अजून आहे ना?"

"तो टॅपेटचा आहे," मी म्हणालो. "तो असू द्या, आणि कोणालाही आवळू देऊ नका."