नोव्हेनाचे नऊ दिवस

१८ ऑगस्ट, सांगली

चर्च सोडून गेलेल्या आपल्या माणसासाठी संत मोनिकाची, म्हणजे संत ऑगस्टीनच्या आईची, नोव्हेना करतात: सलग नऊ दिवसांची प्रार्थना. तिचा सण २७ ला, म्हणजे नोव्हेना आजपासून. १८ ते २६, मोजून नऊ दिवस. सणाचा दिवस त्यात धरत नाहीत. प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंत, शिष्य आणि मारिया प्रार्थनेत थांबले होते, तिथून हा नवाचा हिशेब आला.

पहिल्याच दिवशी ताट फार वाढून घेऊ नये. अख्खी रोझरी (मारियेची जपमाळ), दैवी दयेची माळ, उपास, रोज एक अध्याय असं सगळं एकदम ठरवलं की तिसऱ्या संध्याकाळी बैठक मोडते. चर्च सोडलेल्या एका माणसासाठी रोझरीचं एक दशक पुरे: एकदा प्रभूची प्रार्थना, दहा नमो मारिया, शेवटी त्रैक्याचा गौरव. चार मिनिटांचं काम. मधे दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको, दुसऱ्या दिवशी पुढे चालू. चुकलेल्या दिवसाची धास्ती घेणं म्हणजे प्रार्थनेचा गंडा-दोरा करणं.

२० ऑगस्ट

२७ च्या मिस्साचा (चर्चमधल्या मुख्य उपासनेचा) हेतू, म्हणजे ती कुणासाठी अर्पण करायची ते, आताच नोंदवावा, कारण एका मिस्साला दानाचा एकच हेतू घेतात आणि लहान चर्चमध्ये फादर एकटेच. "तो आता कॅथलिक नाही, त्याच्यासाठी मिस्सा कशी चालेल?" हा प्रश्न हमखास येतो. चालते. जिवंत असो वा मृत, कुणासाठीही मिस्सा अर्पण करता येते, असं चर्चचा कायदाच म्हणतो. दान जमत नसेल तर फादरांना सरळ सांगावं. गरजूंसाठी दानाशिवायही मिस्सा करावी, हेही त्याच कायद्यात आहे.

चिठ्ठीवर मात्र नाव नको. सकाळी वेदीवरून नाव वाचलं गेलं की दुपारपर्यंत मिरजेच्या मावशीला कळतं, आणि रात्री पुण्यातल्या पोराला तिचा फोन जातो. पोरगा आणखी चार कोस लांब. 'विशेष हेतू' एवढंच लिहावं, देवाला पत्ता ठाऊक आहे.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

मांस वर्ज्य. करायचाच असेल तर एक वेळचा उपास. श्रावणात अर्धी गल्ली उपाशी असते, त्यामुळे आपल्याला कुणी कारण विचारत नाही. तेवढीच सोय.

२३ ऑगस्ट

मोनिकाची गोष्ट आपल्याकडे फार गुळगुळीत करून सांगतात: आई रडली, मुलगा परतला. ऑगस्टीनने स्वतः लिहून ठेवलंय ते जास्त खरखरीत आहे. तो सुमारे नऊ वर्षं मानी पंथात, म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेल्या पंथात, होता. मोनिका एका बिशपकडे गेली: माझ्या मुलाशी बोला, त्याच्या चुका दाखवा. हा बिशप लहानपणी त्याच पंथात वाढलेला, तरी त्याने नकार दिला. मुलगा अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही. त्याला राहू दे, फक्त प्रार्थना कर. तिने पिच्छा सोडला नाही तेव्हा वैतागून म्हणाला, इतक्या आसवांचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. आसवं सगळ्यांच्या लक्षात राहिली. 'राहू दे' मात्र कुणाच्याच नाही.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. मुलाने रोमला जाऊ नये म्हणून ती रात्रभर संत सिप्रियनच्या स्मृतिस्थळी प्रार्थना करत होती, आणि तो तिला थाप मारून त्याच रात्री गलबतात बसला. मागणं साफ नाकारलं गेलं. पण त्याच वाटेने तो पुढे मिलानला पोचला, तिथे बिशप अॅम्ब्रोज भेटले, आणि ३८७ च्या ईस्टरला त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी रोमजवळच्या ऑस्टियात मोनिका वारली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. म्हणून मागताना रस्ता आपण आखून देऊ नये. 'त्याची नोकरी सुटू दे म्हणजे डोळे उघडतील' ही प्रार्थना नाही, शाप आहे.

२४ ऑगस्ट

प्रत्येकाचं जाणं वेगळं, तर शब्दही वेगळे हवेत. चर्चमधल्याच कुणी दुखावलेल्यासाठी 'त्याला सुबुद्धी दे' म्हणणं उद्धटपणाचं. तिथे आधी ती इजा देवापुढे मांडायची, क्षमा आपल्या बाजूने मागायची. दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीत (पंथात) गेलेला ख्रिस्ताबाहेर गेलेला नाही; मिरजेसारख्या जुन्या मिशनच्या गावात हे विसरून चालत नाही. त्याच्यासाठी आभारानेच सुरुवात करावी. नुसता कंटाळून सुटलेला असेल त्याच्यासाठी काय मागावं? भूक.

२६ ऑगस्ट

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. पावसाळ्यात सांगलीकर दर तासाला आकडा विचारतो, पण विचारल्याने पाणी इंचभरही उतरत नाही. 'या रविवारी गेलास का?' हा फोन त्यातलाच. नोव्हेना चालू आहे हेही त्याला कळवू नये. कळलं की प्रार्थनेचा टोमणा होतो.

पुढे कधी त्यानेच परतायचं विचारलं तर उत्तर मात्र तयार हवं. बाप्तिस्मा पुसला जात नाही, पुन्हा घ्यावा लागत नाही. बहुतेकांना परतायला एक नीट पापनिवेदन पुरतं. लग्न चर्चबाहेर झालं असेल तर आधी फादरांशी बोलणं; त्यासाठी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमधून मिळतो.

उद्या मोनिका, परवा ऑगस्टीन. परवा फोन करायला हरकत नाही. पाऊस, पाणी, जेवण विचारावं आणि ठेवावा.