आईच्या हाती नंदीची दोरी

आईला माहेरी न्यायचं, तर पोळ्यालाच, असं मी दोन वर्षं घोकत होते. यंदा जमलं. बहात्तर वर्षांची आई, आठ वर्षांची लेक आणि मी, रात्रीच्या गाडीने पुण्याहून नागपूरला. महालातल्या मामाच्या घरी पोचलो तर मामी दारातच, "या न ताई! किती दिवसांनी येऊन राहिल्या!" मग तर्री पोहे. लेकीला रस्सा तिखट लागला, पण ताटली तिने सोडली नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे ईडा पीडा घालवायला काढलेली बाईच्या पुतळ्याची मिरवणूक, आणि तान्हा पोळाही असतो. सकाळी आम्ही इतवारीत एका दुकानाच्या ओट्यावर जागा धरली. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. काळी म्हणजे इंग्रजांना सामील झालेली नागपूरच्या भोसल्यांची राणी बाकाबाई, हे आईनेच नातीला सांगितलं. पुतळे, मागून बडगे, म्हणजे महागाईचे न् भ्रष्टाचाराचे पुरुषी पुतळे, ढोल, धूळ. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आई इतक्या मोठ्याने ओरडली की मी वळून पाहिलं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिचा हा आवाज मी कधी ऐकलेला नाही.

पण मी आले होते ते संध्याकाळसाठी.

तान्हा पोळा म्हणजे मुलांचा पोळा. खऱ्या बैलांऐवजी लाकडी नंदी, खाली चाकं, पुढे दोरी. मुलं तो सजवून घरोघर नेतात, घरची बाई नंदीला ओवाळते आणि मुलांच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे पैसे, खाऊ. ही रीत दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केली असं सांगतात.

मामाने माळ्यावरून नंदी काढला. सुताराने मामासाठी केलेला, सागवानी, डावं शिंग मोडलेलं. दुपारभर लेकीने आणि आईने तो रंगवला. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. रंगवता रंगवता आई सहज म्हणाली, "दादाने मला याची दोरी कधी धरू दिली नाही. मी मागून आरतीचं ताट घेऊन चालायची." मामा नुसता खाली बघत राहिला. सत्तरी उलटलेला माणूस, त्या क्षणी दहा वर्षांचा दिसला.

लेकीने पहिली तीन घरं ओढली. चौथ्या घराआधी मामाने तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तिने दोरी आजीकडे दिली. आईने आधी पदर खोचला. मग तो नंदी त्या गल्लीतून, खडखडत, गटारावरच्या फरशीवरून जपून उचलत, तिने पार टोकापर्यंत नेला. मामा मागून ताट घेऊन. मी फोन काढला होता, पण डोळे भरून आल्याने फोटो काही धड आला नाही. त्याची मला खंत नाही.

टोकाच्या घरातल्या आजींनी नंदी ओवाळला, मोडकं शिंग चाचपलं आणि आईकडे पाहून म्हणाल्या, "तू दादाच्या मागं मागं फिरायची तीच न वो?" दोघी तिथेच पायरीवर बसल्या, अंधार पडेपर्यंत.

रात्री लेकीने बोजारा चादरीवर मांडला. एकशे चाळीस रुपये, लिमलेटच्या गोळ्या, दोन संत्रा बर्फ्या. तिने सत्तर रुपये मोजून आजीच्या उशाशी ठेवले.

"अर्धे तुझे. तू पण ओढलास ना."