मांडवातला विकर्ण

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत आरास बदलायची, गायक बदलायचे, प्रसादाच्या पाळ्या बदलायच्या. एक संध्याकाळ मात्र कधी कुणी हलवली नाही, ती महाभारतातल्या पात्रांची. पितळी तबकात चिठ्ठ्या ठेवलेल्या असत. जे नाव निघेल त्याच्या तोंडून बोलायचं आणि आपण केलं ते का केलं, हे समोरच्या सतरंजीवर बसलेल्यांना पटवायचं. कर्ण निघावा म्हणून पोरं देव पाण्यात घालून बसायची. कवचकुंडलं, कुंतीची भेट, रुतलेलं चाक, टाळ्या ठरलेल्याच.

पण परीक्षक काका होते. शाळेत संस्कृत शिकवायचे. भाषण संपलं की ते एकच प्रश्न विचारत, आणि तिथे कर्णालाही सुटका नसे. "द्रौपदीला सभेत ओढून आणलं, तेव्हा तू तिला काय म्हणालास तेही सांग की रे." टाळ्या घेऊन उभा असलेला कर्ण गप्प व्हायचा. मोठ्यांतले काही जण नाराज होत. मला वाटतं, आमच्या मंडळाचं खरं देणं तो प्रश्नच होता.

एका वर्षी मुलांनी अभिमन्यूवधाचं नाटक बसवलं. काका आधी सगळ्यांना कीर्तिमंदिरात, गायकवाड घराण्याच्या स्मारकात, घेऊन गेले. तिथल्या भिंतीवर नंदलाल बोस यांनी १९४०च्या दशकात रंगवलेलं कुरुक्षेत्र आहे. हत्ती, रथ, माणसं यांची एवढी दाटी की आत शिरलेला पोरगा बाहेर कसा पडणार, हे न सांगता कळतं. नाटकासाठी रथाचं चाक हवं होतं, ते कोपऱ्यावरच्या केळीवाल्याने आपल्या लारीचं, म्हणजे हातगाडीचं, काढून दिलं. पहाटे लारी मंडईत न्यायची होती, म्हणून तो पडदा पडेपर्यंत पहिल्या रांगेत बसून राहिला. शंकराच्या वराच्या बळावर जयद्रथाने चौघा पांडवांना बाहेर अडवलं, आत सहा महारथींनी मिळून धनुष्य तोडलं, घोडे मारले, आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती ते चाक उरलं. केळीवाला उठून उभा राहिला. "छोकरो एकलो हतो, ने पेला छ जणा!" असं तो मोठ्याने म्हणाला. मराठी त्याला जेमतेम यायचं. धर्मयुद्ध कुठे संपलं, हे त्याला बरोब्बर समजलं होतं.

काकांचा दुसरा आग्रह ऐकीव बोलायचं नाही, हा. एकदा दुर्योधन झालेली मुलगी तावातावाने म्हणाली, "आंधळ्याचा मुलगा आंधळा, असं द्रौपदीनेच मला हिणवलं होतं." काकांनी तिला दुसऱ्या दिवशी सभापर्व उघडून बसवलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने जुन्या पोथ्या ताडून १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ते वाक्य द्रौपदीच्या तोंडी नाहीच. तिच्यावर केवढा दोष आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकीव बोलावर ठेवत आलो! बडोद्याच्या मुलांना तर याची जाण हवीच, कारण वाल्मीकिरामायणाची सातही कांडं अशीच पोथ्या ताडून पाहून आपल्याच गावच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात छापली.

आणि मग ते वर्ष, जेव्हा एका अबोल मुलाच्या हाती विकर्णाची चिठ्ठी आली. हा कोण, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. काकांनी त्याला रात्री मांडवातच बसवून सांगितलं. द्रौपदीने विचारलं, धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? भीष्म म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे, मला याचं नीट उत्तर देता येत नाही. बाकीचे मान खाली घालून बसले. तेव्हा दुर्योधनाचा हा धाकटा भाऊ उठला. द्यूताच्या व्यसनात सापडलेल्या माणसाने लावलेला पण कसला धरता? आधी स्वतःला हरलेल्याला तिच्यावर हक्क कुठला? आणि ती पाचांची, एकट्याची नव्हे. ती जिंकली गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने हे सगळं इतकं संथपणे मांडलं की मागे चहा ढवळणाऱ्या बायकाही थांबल्या. काकांनी विचारलं, "पण विकर्णा, युद्धात कुणाकडून लढलास?"

"भावांकडून. सभेत बोलायचं ते बोललो. रणात त्यांना टाकून जाववलं नाही."

भीमाने विकर्णाला मारलं ते शंभर कौरवांना मारायच्या प्रतिज्ञेपायी, आणि मारून तो हळहळला. हे सांगताना काकांचा आवाज कापत होता. एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "मग युयुत्सू कसा गेला?" झालं! आरतीची वेळ टळली तरी मांडव भांडतच होता.

मी युयुत्सूच्या बाजूचा. तोही धृतराष्ट्राचाच मुलगा, वैश्य स्त्रीच्या पोटचा. युद्ध सुरू होण्यापूर्वी युधिष्ठिराने हाक दिली, तेव्हा दुंदुभी वाजवत सगळ्यांदेखत तो पांडवांकडे गेला. पुढे महाप्रस्थानाला निघताना पांडवांनी परीक्षिताला गादीवर बसवून राज्य सोपवलं ते त्याच्याच हाती. अन्याय दिसला की बाजू सोडायलाही छाती लागते, असं मी मानतो. माझ्या आत्याला हे आजतागायत पटलेलं नाही. फोनवर विषय निघाला की ती ठासून सांगते, "संकटात भावांना सोडून गेलेल्याचं कौतुक मला ऐकवू नकोस. माझा विकर्णच खरा."