इंद्र, तिसरा प्रयत्न: वज्र काढून टाकलं

मंडळी, अपडेटला उशीर झाला कारण मातीच्या इंद्राची दुसरी मूर्ती पण तडकली. शेतातली काळी माती घेतली होती, पोळ्याचे बैल तिचेच करत आलोय लहानपणापासून, पण बैल म्हणजे ठोकळा, त्याला चालून जातं, इथे एक हात लांब पसरलेला आणि आत तार, वाळताना माती आकसते, तार थोडीच आकसणार, मग खांद्यापासून सरळ भेग. आता शाडू आणली, तारेवर आधी सुतळी गुंडाळली म्हणजे माती धरून राहते, आणि ओल्या फडक्याखाली हळूहळू वाळवतोय, नाहीतर जळगावचं ऊन एका दुपारीत वाट लावतं.

खरी डोकेदुखी वज्राची होती. ऋग्वेदात ते देवांचा कारागीर त्वष्टा याने घडवलेलं, पुराणात दधीची ऋषींच्या हाडांचं, बौद्ध मूर्तींत दोन्ही टोकांना पाकळ्यांसारखे वळलेले काटे. मी हाडाचं केलं आणि खरं सांगू, चिकनचा लेगपीस दिसत होता. आजीने येऊन विचारलं, "हाऊ कोन शे रे?" इंद्र म्हटलं तर म्हणे, "मंग पानी कोठे शे?"

तेच डोक्यात बसलं. रविवारी अजिंठ्याला गेलो, फर्दापूरला गाडी लावून पुढे शटल बस. लेणं 17, व्हरांड्यात दाराच्या डाव्या हाताला बघा, ढगांतून उडत येणारा इंद्र रंगवलाय, म्हणजे बौद्धांचा शक्र, तेहतीस देवांचा राजा, सोबत अप्सरा आणि वादक. पाचव्या शतकातलं, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं काम. फ्लॅश चालत नाही त्यामुळे फोटो काळेच आले, स्केचबुक कामी आलं. त्या चित्रकाराने वारा काढलाच नाहीये हो! गळ्यातल्या माळा तिरक्या मागे गेल्यात, बस, तेवढ्यावर अख्खं अंग वेगात वाटतं. मी अर्धा तास तिथेच, मागचे लोक वैतागले.

घरी येऊन हातातलं वज्र तोडलं. ऐरावत पण कॅन्सल, चार दातांचा हत्ती खाली ठेवला की इंद्र बसूनच राहतो, उडत नाही. माळा मोटर वाइंडिंगच्या बारीक तांब्याच्या तारेच्या केल्या, सगळ्या एकाच दिशेला ओढल्या, उपरणं पण तिकडेच. पहिल्यांदाच बरा दिसतोय.

एकच अडलंय, तारेवर गेरू बसत नाही, सुकला की पापुद्रे निघतात. कोणी आधी काही लावून बघितलंय का? फेविकॉल पाणी करून लावला, नाही टिकला.