आमची वाटचाल: भोसरीचा गाळा ते फ्यूजनची भिंत

आम्ही थर्मोकपलवाले, म्हणजे तापमान मोजायचे तारांचे सेन्सर बनवणारे. 1996 ला भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात मी आणि मिस्त्री असे दोघंच बसलो. के टाईप, जे टाईप हे थर्मोकपलचे प्रकार, आरटीडी हा तापमानाचाच दुसरा सेन्सर, गिऱ्हाईक म्हणजे फाउंड्री, फर्नेस, बॉयलर. पुढची बरीच वर्षं सांगण्यासारखं काही नाही, काम चाललं, हप्ते फिटले, पोरं शिकली. सांगायचंय ते फ्यूजनच्या, म्हणजे अणू जोडून ऊर्जा काढायच्या मशीनच्या कामाचं, कारण ते हल्ली भलताच माणूस स्वतःच्या नावावर सांगत फिरतोय.

गांधीनगरजवळ भाटला आयपीआर ही प्लाझ्मावर, म्हणजे अतितप्त वायूवर संशोधन करणारी संस्था आहे, तिथलं आदित्य टोकामॅक (प्लाझ्मा चुंबकाने धरून ठेवणारं फ्यूजनचं मशीन) 1989 पासूनचं, तिथल्याच दुसऱ्या टोकामॅकमध्ये, एसएसटी-1 मध्ये 2013 ला पहिला प्लाझ्मा झाला. भारत फ्रान्समधल्या ईटर या आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रकल्पात आहे, त्याचा 30 मीटर उंच क्रायोस्टॅट, म्हणजे अख्ख्या मशीनभोवतीचं व्हॅक्यूमचं भांडं, हजिऱ्याला एल अँड टीने बनवला, हे पेपरात आलं. पण अशा मशीनला मिलिमीटरभर जाडीच्या केबलीही लागतात आणि त्यांचा फोटो कोणी छापत नाही.

फ्यूजन म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, 15 कोटी डिग्री कसं मोजता हो? अहो, ते आम्ही नाही मोजत. तिथे लेझर मारतात आणि इलेक्ट्रॉनवरून विखुरलेल्या उजेडावरून तापमान काढतात. आमचं काम भिंतीचं, डायव्हर्टरचं (प्लाझ्मातली उष्णता आणि कचरा बाहेर काढणारा भाग), कूलिंगच्या पाइपांचं. एकदा बसवलं की हात लागत नाही, वरून न्यूट्रॉनचा मारा. भट्टीवाल्यांचा लाडका प्लॅटिनम-ऱ्होडियमचा आर टाईप तिथे कामाचा नाही, कारण त्यातल्या ऱ्होडियमचं हळूहळू पॅलॅडियम होतं आणि रीडिंग सरकतं. टंगस्टन-रेनियमचीही तीच रड. म्हणून के नाहीतर एन टाईप. चुंबकीय क्षेत्र मोजायच्या कॉइल तर अजून नाजूक, त्यांचा सिग्नल इंटिग्रेट करावा, म्हणजे वेळेबरोबर बेरीज करत न्यावा लागतो, त्यामुळे रेडिएशनने केबलमध्ये दोन-चार मायक्रोव्होल्ट जरी उगाच तयार झाले तरी ते साठत जातात. आदित्यचा शॉट, म्हणजे एका वेळचा प्लाझ्मा, सेकंदापेक्षाही छोटा, तिथे चालून जातं, ईटरला शेकडो सेकंद चालवायचंय, तिथे नाही चालत.

पहिली इन्क्वायरी एका इंटिग्रेटरकडून (सगळे भाग जुळवून यंत्रणा देणारी कंपनी) आली तेव्हा ड्रॉइंग बघून मिस्त्री म्हणाले, "साहेब, हे आपल्याला जमेल, पण पावसाळ्यात नको." बरोबरच होतं त्यांचं. एमआय केबल म्हणजे धातूच्या नळीत तारा आणि भोवती इन्सुलेशनला मॅग्नेशियाची पावडर, ती पावडर हवेतली ओल ओढते, जुलैत पुण्यात टोक कापून ठेवा आणि दुपारी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा, काटा खाली आलेला असतो. मग टॉर्चने आतून उघड्या टोकाकडे शेकत यायचं, उलटं शेकलं की ओल आत ढकलली जाते, आणि टोक गरम असतानाच सील करायचं. आमचा नियम, 500 व्होल्टला हजार मेगाओहमच्या खाली एकही पीस बाहेर जाणार नाही, आणि प्रत्येक पीसचं रीडिंग वहीत, सहीनिशी. मिस्त्री टिग वेल्डिंगचा टंगस्टन इलेक्ट्रोड स्वतः घासायचे, नेहमी लांबीच्या दिशेने, आडवा घासला की आर्क भटकतो म्हणायचे. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. व्हॅक्यूममध्ये झिंक, कॅडमियम प्लेटिंगचा बोल्ट चालत नाही, पितळ चालत नाही, मार्कर पेनची शाईसुद्धा नाही, हे मी पोरांना ओरडून ओरडून शिकवलं. हेलियम लीक डिटेक्टर सेकंडहँड घेतला तोसुद्धा घर तारण ठेवून.

आणि मग आमच्याच लायनीतल्या एका शेजाऱ्याने माझी दोन तयार पोरं फोडली. पोरांबरोबर ड्रॉइंगही गेली, हे मी आजही म्हणतो. पुढच्या टेंडरला त्याचा रेट माझ्या नुसत्या मटेरियलच्या खर्चापेक्षाही कमी, तो एल-वन (सगळ्यांत कमी रेटवाला), आम्ही घरी. केबल आणून पडलेली, ओव्हरड्राफ्ट फुल, बँकेचा माणूस रोज दारात, शेवटी एचएमटीची लेथ विकली. मिस्त्रींनी चार महिने पगाराचा विषय काढला नाही. तेव्हा आम्हाला तारलं ते सोलापूरकडच्या एका साखर कारखान्याने. त्यांचे इंजिनिअर साहेब दर सीझनआधी बॉयलरचे थर्मोकपल आमच्याकडूनच घ्यायचे, त्या वर्षी त्यांनी ऑर्डर दिवाळीऐवजी गणपतीत काढली आणि अर्धे पैसे आगाऊ दिले. फ्यूजन साखरेवर जगलं, असं मी हसत सांगतो पण ते खरंय.

शेजाऱ्याचा माल बेकिंगला (आतली ओल, वायू काढायला तापवतात ते) गेला आणि इन्सुलेशनचं रीडिंग खाली बसलं. बसणारच, टोकं कशी सील केली होती ते पोरांनीच नंतर सांगितलं. मग फोन कोणाला आला? आम्हाला. मी फक्त वह्या घेऊन गेलो, पीसवार रीडिंगच्या, आणि रेट एक रुपयानेही कमी केला नाही. आता तो ब्रोशरवर फ्यूजन एक्स्पर्ट छापतो, छापू दे.

आता इंजिनिअरिंगची मुलं येतात, सर, फ्यूजनमध्ये करिअर करायचंय. माझं ऐका, नाही विचारलंत तरी सांगतो. ईटरचं संशोधन सुरू व्हायचं नवं वेळापत्रक 2034 चं आहे, तोवर बाहेरच्या स्टार्टअपच्या बातम्या वाचत बसू नका. सिम्युलेशन शिका, नाही म्हणत नाही, पण आधी ब्रेझिंग करा, लीक टेस्ट करा, मायक्रोव्होल्ट मोजताना अर्थिंग कुठे चुकतं ते स्वतः शोधा. स्टीलमध्ये कोबाल्ट किती, हे सर्टिफिकेटवर बघायची सवय लावा, कारण न्यूट्रॉनखाली त्याचं कोबाल्ट-60 होतं आणि मग जवळ जाता येत नाही. आणि नोकरी बदलताना ड्रॉइंग नेऊ नका.

शेजाऱ्याने फोडलेल्या त्या दोन पोरांतला एक मागच्या वर्षी परत आला. मिस्त्री आता रोज येत नाहीत, पण त्या दिवशी नेमके होते, त्यांनी त्याच्याकडून एक टोक सील करून घेतलं, मेगर लावला आणि मला मान हलवून हो म्हणाले. घेतला कामावर. पगार मात्र जाताना होता तोच दिला.