तांबूची तुंबलेली लघवी आणि आमचा सोलापूरचा पहिला उन्हाळा

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. सकाळी साडेसहाला झाडांना पाणी घालायला गच्चीवर गेले, तर आमचा बोका तांबू मोगऱ्याच्या कुंडीत बसलेला. पाठ कमानीसारखी वाकलेली, कान मागे पडलेले. मला बघून उठला, दोन पावलं चालला आणि कढीपत्त्याच्या कुंडीत तसाच बसला. तिथून उठून परत मोगऱ्यात. तो बाजूला झाल्यावर मी दोन्ही कुंड्यांतली माती चाचपली. ठणठणीत कोरडी.

तरी मला काही वावगं वाटलं नाही, कारण तो पाण्याचा दिवस होता. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि त्या दिवशी ते पहाटे चारला आलं होतं. बाथरूममध्ये पिंपं, बादल्या, घागरी मांडलेल्या. तांबूचा शू करायचा, माती भरलेला ट्रेही बाथरूममध्येच असायचा, तो उचलून बाहेर पॅसेजमध्ये ठेवला होता. जागा बदलली म्हणून बिचारा कुंडीत आला असेल, असं धरून मी कामाला लागले.

आम्ही मूळचे चिपळूणचे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर गाळ उपसताना आमच्या मागच्या पडवीत तांबू सापडला, मुठीएवढा, चिखलाने माखलेला. तिथे त्याला अंगण होतं, बाजारातून रोज काहीतरी मासळी यायची आणि तो कधी कुठे शू करतो हे बघायची वेळच आली नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये यांची बदली सोलापूरला झाली आणि आम्ही होटगी रोडच्या बाजूला भाड्याने वरचा मजला घेतला. गच्ची आमचीच. मी मुंबई-पुण्यात राहिले आहे, पण परमुलखात आल्यासारखं पहिल्यांदा वाटलं ते इथे. घरमालकांच्या घरात तेलुगू, समोरच्यांकडे कन्नड, आणि मराठी बोलतात त्यातही माझ्या कानाला नवीन असं बरंच. माणसं मात्र फार मायेची. आल्या आल्या घरमालकीण आजींनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवली.

त्या दिवशी दुपारी तांबू ट्रेत जाऊन बसायला लागला. दर दहा मिनिटांनी. माती उकरायचा, बसायचा, कळ काढायचा आणि कोरडाच उठायचा. आजी वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “पोट साफ नाही की ओ त्याचं. थोडं एरंडेल घाला, मोकळं होईल.” मलाही बद्धकोष्ठच वाटलं. मी अर्धा चमचा एरंडेल त्याच्या घशात घातलं. आजींनी चांगल्या मनाने सांगितलं होतं, पण ते घालायला नको होतं, म्हणूनच मुद्दाम लिहिते आहे. बोका वारंवार बसतो आणि काही होत नाही, तेव्हा बहुतेकांना आधी शौचाचीच शंका येते. लघवीकडे लक्ष जात नाही आणि सगळा दिवस निघून जातो.

संध्याकाळी एका दवाखान्यात नेलं. तिथे उन्हाचा त्रास म्हणून एक इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. पोटाला हात लावून कोणी बघितलं नाही. रात्री तो पलंगाखाली गेला. जेवला नाही. अकराला उलटी, एकला पुन्हा उलटी. मागचे पाय फाकवून सारखा खालची जागा चाटत होता. मी उचलायला गेले तर असा ओरडला की माझे हात सुटले. चार वर्षांत त्याचा तसा आवाज मी ऐकला नव्हता.

सकाळी समोरच्या ताईंनी दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर दिला. टोपलीवर ओला पंचा टाकून रिक्षात बसले. रिक्षावाले दादा आरशातून बघत म्हणाले, “लई वरडालंय की ओ ते, ताई.” आणि सात रस्त्यापर्यंतचे सगळे खड्डे चुकवत त्यांनी रिक्षा नेली.

या डॉक्टरांनी सगळ्यात आधी दोन बोटांनी पोट चाचपलं. मग माझा हात धरून तिथे ठेवला. मोसंबीएवढा टणक गोळा हाताला लागला. म्हणाले, “हे मूत्राशय. एवढं कडक लागायला नको. लघवी तुंबली आहे.” बोक्याची मूत्रनळी टोकाशी फार अरुंद असते. लघवीतले बारीक खडे आणि चिकट द्राव मिळून तिथे बूच बसतं. मांजरीची नळी रुंद आणि आखूड, म्हणून तिला हे सहसा होत नाही. लघवी मागे साठली की मूत्रपिंडांवर दाब येतो, अंगातलं विष बाहेर पडत नाही, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. पूर्ण तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. आम्ही एक दिवस आधीच घालवला होता.

रक्त घेतलं. मूत्रपिंडं नीट काम करतात की नाही हे ज्यावरून कळतं ते क्रिएटिनिन साधारण दोनच्या आत हवं, ते सहाच्या वर होतं. सलाईन सुरू केलं, मग गुंगी देऊन मूत्रमार्गात बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, घातला. मी दाराशी उभी होते. पहिल्यांदा आत जाईचना. सलाईनचं पाणी थोडं थोडं सोडत बूच मोकळं करावं लागलं. आणि मग नळीतून धार आली, कोकमाच्या आगळासारखी लाल. डॉक्टर म्हणाले, “आली.” मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

तीन दिवस तो तिथेच होता. नळी शेपटीला चिकटपट्टीने बांधलेली, गळ्यात प्लास्टिकचा पसरट पट्टा, लघवी पिशवीत जमा होत होती. अडसर निघाल्यावर शरीर एकदम खूप लघवी टाकतं, आणि तेवढं पाणी सलाईनने परत दिलं नाही तर जनावर कोरडं पडतं, हे मला तिथे कळलं. म्हणून दर काही तासांनी पिशवी मोजायची आणि सलाईनचा वेग ठरवायचा. रंग आगळावरून गुलाबीवर आणि मग पिवळ्यावर आला. सूक्ष्मदर्शकाखाली स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे खडे दिसले. डॉक्टरांनी सांगितलं की हे खडे योग्य आहाराने विरघळू शकतात. ऑक्झलेटचे असते तर विरघळले नसते.

चौथ्या दिवशी सकाळी नळी काढली. स्वतःहून शू केल्याशिवाय घरी सोडणार नव्हते. मी बाजूला स्टुलावर बसून राहिले. पिंजऱ्यात माती नव्हती, फाडलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या होत्या. दुपारी तीनच्या सुमारास तो उठला, पट्ट्या पंजाने ओढल्या, वळला, बसला. कागदावर आधी एक ठिपका उमटला, मग तो पसरत पसरत पोळीएवढा झाला. आजवर कुठल्याच गोष्टीकडे मी इतकं टक लावून बघितलं नव्हतं.

घरी सोडण्याआधी डॉक्टरांनी मला अर्धा तास बसवून प्रश्न विचारले. औषधांपेक्षा मला त्या प्रश्नांचा जास्त उपयोग झाला. काय खातो? किती पाणी पितो? ट्रे कुठे आहे? घरात अलीकडे काय बदललं? एकेक उत्तर देताना माझं मलाच दिसायला लागलं.

चिपळूणला तो मासे खायचा. मासळीत पाऊण हिस्सा पाणीच असतं. पाच किलोच्या बोक्याला दिवसाला सगळं मिळून साधारण दोनशे ते अडीचशे मिली पाणी लागतं, आणि पावशेर मासळीतून त्यातलं बरंचसं पोटात जायचं. इथे आल्यावर रोज मासळी जमेना, म्हणून मी त्याला कोरडे दाणे सुरू केले. त्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास. साठ ग्रॅम दाण्यांतून फार तर सहा मिली. उरलेलं त्याने वाटीतून प्यायला हवं होतं, पण मांजराला तेवढी तहान लागत नाही. तो भिजलेलं अन्न खाऊन पाणी मिळवणारा प्राणी आहे. कोकणातल्या दमट हवेत एकवेळ चालून गेलं असतं. इथल्या चाळिशी ओलांडलेल्या कोरड्या उन्हात नाही चाललं. मी बोअरच्या जड पाण्याला दोष देत होते. डॉक्टर म्हणाले, पाणी कुठलं यापेक्षा ते पोटात किती जातं ते बघा.

आणि दुसरं ट्रेचं. दर चार-पाच दिवसांनी पहाटे नळाची धार, मोटारीची घरघर, बादल्यांचे आवाज, आणि त्याची जागा उचलून दुसरीकडे. तो त्या दिवशी धरून ठेवायचा. आधी गच्चीतल्या कुंड्यांत जायचा, पण मार्च संपता संपता काळी माती वाळून भेगाळली आणि नऊनंतर फरशीवर पाय ठेववेना. मांजराच्या मूत्राशयाला ताणतणावानेही सूज येते, हे मला माहीत नव्हतं. आमच्या पाण्याच्या वेळापत्रकाने त्याची शू अडवली, हे मला अजून खुपतं. त्याच्यासाठी कोणी वेळापत्रक केलंच नव्हतं.

मग आम्ही घर त्याच्या बाजूने लावलं. एक मांजर असेल तर ट्रे दोन हवेत, म्हणून एक आतल्या खोलीच्या कोपऱ्यात आणि एक जिन्याखाली. दोन्ही नळापासून लांब, आणि कुठल्याही कारणाने हलवायचे नाहीत. गोळा धरणारी माती आणली, त्यामुळे दिवसाला किती गोळे आणि केवढे, हे मोजता येतं. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात मी रोज आकडा लिहिते. दोन ते चार असतील तर ठीक. गोळे लहान लहान आणि जास्त झाले किंवा एकही नसला, तर थेट डॉक्टर.

खाण्यात आधी डॉक्टरांनी दिलेला पथ्याचा डबा, तो महाग पडला तरी दोन महिने नेटाने दिला. नंतर डबाबंद ओलं अन्न आणि त्यात घरचा शिजवलेला तुकडा. उजनीची मासळी इथल्या बाजारात येते. चिलापी नीट उकडायची, काटे निवडायचे, आणि ते पाणी गाळून वरून घालायचं. त्यात मीठ नाही, कांदा-लसूण तर अजिबातच नाही, तो मांजराच्या रक्ताला अपाय करतो. नुसत्या मासळीवरही ठेवायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. आणि माणसांची दुखण्याची गोळी चुकूनही द्यायची नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

पाण्याच्या वाट्या आता पाच आहेत, पसरट, जेवणाच्या ताटलीपासून लांब. पण तो सगळ्यात जास्त कुठे पितो, ते गच्चीने शिकवलं. मे महिन्यात झाडं वाचवायला मी हिरवी जाळी बांधली आणि मोठ्या कुंड्यांमध्ये एकेक साधं, भाजलेल्या मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. मडकं भरून ठेवलं की पाणी पाझरत राहतं, माती ओली राहते आणि पाच दिवसांचा खंड निघतो. मोगऱ्याच्या कुंडीतल्या मडक्यावर मातीची पणती झाकण म्हणून ठेवली होती. ती पाझराने थंड व्हायची आणि तिच्यात मी थोडं पाणी ठेवायचे. एका संध्याकाळी तांबू पुढचे दोन पंजे कुंडीच्या काठावर ठेवून ती पणती चाटून चाटून रिकामी करत होता. पणती भरली, परत रिकामी केली. चारदा. तेव्हापासून खोलीतही मातीचीच भांडी ठेवली. कुंभारवाड्यातून आणलेली, आतून रंग न लावलेली. झाडांमध्ये एक बदल केला: समोरच्या ताईंनी लिलीचे कंद दिले होते, ते त्यांना परत केले. खऱ्या लिलीचा परागसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांना विषासारखा असतो, आणि आमचा आधीच होरपळलेला.

दुपारी खिडकीला जुनी सोलापुरी चादर ओली करून लावते. जाड सूत पाणी धरून ठेवतं, दोन तास खोली सुसह्य होते. तांबू तिच्या खालच्या काठाशी पोट टेकून झोपतो.

घरी आल्यावर दहाव्या दिवशी तो पुन्हा ट्रेत दोनदा बसला आणि माझ्या पोटात गोळा आला. रात्री साडेनऊला त्याला घेऊन पळाले. मूत्राशय मऊ होतं, नळी मोकळी होती, नुसती सूज. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, “पहिले काही आठवडे परत तुंबण्याची भीती असतेच. शंभरदा आलात तरी चालेल, उशिरा येऊ नका.”

एरंडेल सांगितलं म्हणून आजींना फार वाईट वाटलं होतं. जूनमध्ये त्यांच्या बहिणीचा बोका असाच पाठ वाकवून बसायला लागला, तेव्हा त्यांनी फोनवर तेलुगूत काहीतरी जोरजोरात सांगितलं. मला त्यातला ‘डॉक्टर’ एवढाच शब्द कळला. बहीण तासाभरात त्याला घेऊन गेली. त्याचं तुंबलं नव्हतं, पण औषध वेळेवर मिळालं.

आज पाण्याचा दिवस होता. पहाटे चारला मोटार सुरू झाली. पिंपं भरून झाल्यावर मी जिन्याखाली वाकून बघितलं. मातीत एक ताजा गोळा होता, लिंबाएवढा. कालनिर्णयवर लिहिला.