काखेत नेमकं काय करणार, हे विचाराच

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की घरात चर्चा एकाच गोष्टीची होते: स्तन वाचणार की काढावा लागणार? काखेचं नावही निघत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे बायका येतात त्या मात्र हात दाखवायला. एका काकूंची सूज तर आधी कासारणीच्या लक्षात आली. नेहमीच्या दोन-सहाच्या बांगड्या उजव्या हातात चढल्या, डाव्या हातात अंगठ्याच्या मुळाशीच अडल्या. ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती. ‘काखेतल्या गाठी काढल्यात’ यापलीकडे त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

या गाठी म्हणजे लसिका ग्रंथी, त्या सगळ्यांनाच असतात. स्तनातून कॅन्सर पसरायला लागला तर बहुतेक वेळा आधी काखेत पोचतो, म्हणून तिथे बघावंच लागतं. पण हातातलं पाणीही त्याच वाटेने परत जातं. पूर्वी काखेतल्या गाठी सरसकट साफ करत. अशा ऑपरेशननंतर साधारण पाचातल्या एकीचा हात सुजतो. फक्त सेंटिनल नोड, म्हणजे स्तनाकडून येणाऱ्या वाटेवरच्या पहिल्या एक-दोन गाठी काढल्या, तर वीसातल्या एखादीचा.

शिकत असताना मी हे थिएटरमध्ये उभं राहून पाहिलंय. सर्जननी एरिओलाजवळ, म्हणजे स्तनाग्राभोवतीच्या गडद भागाजवळ, मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाचं इंजेक्शन दिलं, थोडा वेळ चोळलं आणि काखेत छोटा छेद घेतला. पिवळ्या चरबीतून दोऱ्याएवढी बारीक निळी रेघ जात होती. तिच्या टोकाला निळी झालेली गाठ. तीच काढली, तीच तपासायला गेली. (दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट-निळी होते. हे आधी सांगून ठेवलं नाही तर बाई हादरते.) सोय असेल तिथे टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्यही देतात आणि गॅमा प्रोब या किरण टिपणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून गाठ शोधतात.

गॅमा प्रोब सगळीकडे नसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये सर्जन वाणी परमार, राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी यावर जे काम केलं, त्याचा मला फार आदर वाटतो. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला एक नस (नर्व्ह) जाते. तिच्या खालचा चरबी आणि गाठींचा भाग तेवढा काढायचा, ना रंग ना यंत्र. 2013 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही पद्धत सेंटिनलच्या तोडीची ठरली. जिल्ह्याच्या गावी ऑपरेशन करून घेणाऱ्या बाईसाठी ही मोठी गोष्ट आहे.

सेंटिनल गाठीत कॅन्सर सापडला तरी पुढे सगळं साफ करावंच लागतं असंही नाही. 2011 मध्ये अमेरिकेतल्या झेड-0011 चाचणीचे निकाल आले. स्तनातली कॅन्सरची गाठ पाच सेंटिमीटरपर्यंतची, स्तन वाचवून ऑपरेशन, नंतर रेडिएशन आणि एक-दोनच सेंटिनल गाठींमध्ये कॅन्सर, अशा बायकांची काख साफ न करताही जगण्याचं प्रमाण कमी झालं नाही. दहा वर्षांनंतरही तेच दिसलं.

आपल्याकडे पुष्कळ जणी उशिरा येतात, काखेत हाताला लागतील अशा गाठी घेऊन. त्यांच्यातल्या काहींना पूर्ण सफाई लागते, आणि लागत असेल तर ती करून घ्यावीच. माझं म्हणणं एवढंच की निर्णय आपल्याला कळलेला असावा. काखेची सोनोग्राफी झाली का? माझ्या बाबतीत सेंटिनल चालेल का, इथे होतं का? आधी केमो देणार असाल तर काखेतल्या कॅन्सर असलेल्या गाठीत क्लिप, म्हणजे खुणेसाठी धातूचा बारीक तुकडा, टाकणार का? केमोने ती गाठ आक्रसली तर नंतर नेमकी तीच शोधायला क्लिप उपयोगी पडते.

आणि ऑपरेशनच्या आधीच दोन्ही हात टेपने मोजून घ्या. मी मनगटापासून वर दर दहा सेंटिमीटरवर पेनाने खूण करते आणि प्रत्येक खुणेवरचा घेर फाइलमध्ये लिहिते. सफाई झाली असेल तर दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. आधीच्या मापाशी ताडून दोन्ही हातांत दोन सेंटिमीटरचा फरक पडलेला दिसला, किंवा माप तेच असूनही हात जड वाटला, ब्लाउजची बाही घट्ट व्हायला लागली, तर त्याच आठवड्यात दाखवा. सूज नवी असताना प्रेशरची बाही, मसाज आणि व्यायामाने ती चांगली आटोक्यात येते. जुनी होऊन हात कडक झाला की फार जड जातं.